चिंतन वहीत नेमकं काय लिहायचं? सराव पाठांच्या पहिल्या आठवड्यानंतर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही पडताळता येईल. शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेताना तिसरीच्या वर्गावर तुमच्या सराव पाठांचा पहिला आठवडा संपला. रोज चिंतन, म्हणजे त्या दिवशीच्या शिकवण्याचा मागे वळून केलेला विचार, लिहायचं आहे आणि पाचही दिवसांच्या नोंदी जवळपास एकसारख्या झाल्यात: ‘मुलांनी छान प्रतिसाद दिला. वेळ अपुरा पडला. वर्गनियंत्रणात सुधारणा आवश्यक. पुढील पाठात प्रयत्न करेन.’ मार्गदर्शक बाईंनी त्यावर ‘हा अहवाल झाला, चिंतन नाही’ असा शेरा मारला. त्यात गुरुवारी वजाबाकीच्या तासाला वर्ग हाताबाहेर गेला, बाईंना मागून उठून यावं लागलं, आणि तेव्हापासून आपण या कामाला लायकच नाही असं तुम्हाला वाटतंय.

तुम्ही ‘काय लिहू’ असं विचारताय, पण मला अडचण लिहिण्याच्या आधीची वाटते. आठवडाभर तुमचं लक्ष स्वतःवर होतं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातोय का, फळ्यावरची ओळ तिरकी होतेय का, टाचणातला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातला, पुढचा मुद्दा कोणता, मागे बसलेल्या बाई आत्ता काय लिहितायत. या सगळ्यात खिडकीकडच्या रांगेतली मुलगी वजाबाकी नेमकी कशी करत होती हे बघायचं राहूनच गेलं. संध्याकाळी वही उघडली की आठवायला तेवढा मजकूरच नसतो, मग ‘छान प्रतिसाद’ लिहून पान भरावं लागतं.

हे बहुतेकांचं होतं. फ्रान्सिस फुलर यांनी नवशिक्या शिक्षकांच्या काळज्यांचा अभ्यास करून १९६९ साली आणि त्यानंतर मांडलं होतं की सुरुवातीला शिक्षकाची काळजी स्वतःपुरती असते: मला जमेल का, मुलं माझं ऐकतील का. मग ती कामाकडे वळते, म्हणजे वेळ, साहित्य, टाचण. मुलं खरोखर काय शिकतायत ही काळजी बरीच उशिरा येते. प्रत्येकाचा प्रवास याच क्रमाने होतो असं नाही, तसं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलंही आहे. पण पहिल्या आठवड्याच्या वह्या वाचताना मला हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. चिंतन लिहिण्याचा एक उपयोग हाच की तुमची नजर स्वतःवरून काढून मुलांवर न्यायला ते मदत करतं, आपोआप होण्याची वाट बघावी लागत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आत्ताच सांगून टाकते. वर्गात वीस मुलं असतील तर रोज सगळ्यांच्या वह्या बघता येतात. पन्नास असतील तर रोज सहाच बघा, पण त्या सहा वेगवेगळ्या कुवतीच्या मुलांच्या असू द्या. बाई पूर्ण वेळ वर्गात बसत असतील तर मुलं त्यांच्या धाकाने शांत राहतात, आणि त्या बाहेर गेल्या की वर्ग वेगळाच होतो. या दोन वर्गांची तुलना करून स्वतःला गुण देऊ नका. चिंतनाचा ठरावीक नमुना दिलेला असेल तर तो पाळावाच लागेल, त्यावर पुढे बोलते. आणि चिंतन वहीला गुण असतील तर एक वेगळाच घोळ होतो.

तो घोळ असा. गुण देणाऱ्याला आवडेल अशी कबुली लिहायची सवय लागते. ‘माझ्यात आत्मविश्वासाची कमतरता जाणवली’ या वाक्याने कुणाचंच काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. म्हणून मी माझ्या छात्रशिक्षकांना दोन वह्या ठेवायला सांगते. एक छोटी, खिशात मावेल अशी, जी कुणालाही दाखवायची नाही. तिच्यात तास संपल्यावर लगेच, पुढच्या तासाची घंटा व्हायच्या आत, तुटक शब्दांत जे दिसलं ते लिहायचं. दुसरी महाविद्यालयात द्यायची. तिच्यात या कच्च्या टिपणांतला एकच प्रसंग निवडून रात्री सविस्तर लिहायचा. टिपणं तिथल्या तिथे हवीत, कारण संध्याकाळपर्यंत आपली आठवण तासाला छान इस्त्री करून ठेवते: जे बरं झालं ते जास्तच बरं वाटतं आणि जे बिघडलं ते भयंकर वाटतं.

दोन्ही वह्यांत मुलांची नावं नकोत. वही अनेकांच्या हातातून जाते, आणि ‘हा मुलगा मंद आहे’ असं कुणीतरी सराव पाठाच्या काळात लिहिलेलं वाक्य त्या मुलाला चिकटू शकतं. जागेवरून खुणा ठरवा. खिडकीकडची रांग, तिसरी जागा, म्हणजे ‘ख-३’; मधली रांग, चौथी जागा, म्हणजे ‘म-४’. तुम्हाला कळलं तरी पुरे.

आता तुमच्या गुरुवारकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘फळ्यावरचं उदाहरण होईपर्यंत सगळं ठीक होतं, मग मी वह्या काढायला सांगितलं आणि पाच गणितं लिहायला फळ्याकडे वळले.’ चिंतन इथून सुरू व्हायला हवं होतं. तुमच्या नोंदीत मात्र ‘वर्गनियंत्रण सुटले’ एवढंच आलं.

जेकब कुनिन या अभ्यासकाने वर्गांच्या चित्रफिती बारकाईने पाहून १९७० साली एक निष्कर्ष मांडला, तो मला आजही फार कामाचा वाटतो. ज्यांचे वर्ग सुरळीत चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत, त्या शिक्षकांच्या रागावण्याच्या पद्धतीत म्हणावा असा फरक त्याला सापडला नाही. फरक सापडला तो आधीच्या वागण्यात: सगळ्या वर्गात काय चाललंय याचं भान असणं आणि ते भान आहे हे मुलांना जाणवणं, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळता येणं, एका कामातून दुसऱ्या कामात वर्गाला न अडखळता नेणं. म्हणून गोंगाट झाला की नोंद गोंगाटाची करू नका, त्याच्या आधीच्या तीन मिनिटांची करा. मी कुठे उभी होते? तोंड कुठे होतं? त्या क्षणी मुलांच्या हाताला काय काम होतं?

तुमच्या त्या तीन मिनिटांत काय झालं असेल याचा अंदाज सांगते. वर्ग मी पाहिलेला नाही, तेव्हा तुमच्या आठवणीशी ताडून बघा. ‘वह्या काढा’ म्हटल्यावर आठ वर्षांच्या मुलाला बऱ्याच गोष्टी करायच्या असतात. योग्य वही शोधायची, कोरं पान काढायचं, पेन्सिलला टोक आहे का बघायचं, मग फळ्याकडे बघायचं. काही मुलं हे अर्ध्या मिनिटात करून मोकळी होतात, काही तीन मिनिटं दप्तरात डोकं घालून बसतात. त्याच वेळी तुमची पाठ वर्गाकडे आणि फळ्यावर पहिलंच गणित लिहून होतंय. मोकळ्या झालेल्या मुलांना तुम्ही काहीच काम दिलेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचं शोधलं. यात तुमच्या आवाजाचा, व्यक्तिमत्त्वाचा किंवा मुलांच्या खोडकरपणाचा भाग फार थोडा आहे.

याचा उपायही त्याच तीन मिनिटांत असतो. गणितं तास सुरू व्हायच्या आधी फळ्याच्या एका बाजूला किंवा कागदावर लिहून झाकून ठेवायची. आधी काय करायचं ते सांगायचं, एखाद्या मुलाकडून ते वदवून घ्यायचं, आणि ‘आता वही काढा’ सगळ्यात शेवटी म्हणायचं. एकदा हात दप्तरात गेले की कान बंद होतात. ज्यांचं लवकर होईल त्यांनी पुढे काय करायचं, हेही त्याच सूचनेत हवं. या एवढ्याशा बदलाने किती फरक पडतो ते सोमवारी दिसेल आणि तो नोंदवता येईल. ‘वर्गनियंत्रण सुधारेन’ म्हटलं तर सोमवारी नेमकं काय बघायचं, कुणाला ठाऊक!

पण गुरुवारचं गणित इथे संपत नाही, कारण गोंगाटाला दुसरंही एक मूळ असतं आणि नवीन शिक्षकांना ते सहसा दिसत नाही. ज्या मुलाला गणित येत नाही ते दोन-तीन मिनिटं प्रयत्न करतं आणि मग शेजाऱ्याशी बोलायला लागतं. म्हणून गुरुवारच्या वह्या परत मागवा, अजून वेळ गेलेली नाही. समजा त्यात ५२ − २७ होतं. बरोबर उत्तर २५. काही वह्यांत तुम्हाला ३५ दिसेल, जवळपास खात्रीने. आपण त्यावर लाल फुली मारतो आणि नोंदीत लिहितो, ‘काही मुलांना हातच्याची वजाबाकी समजली नाही.’ थांबा आणि ३५ कुठून आलं ते बघा. पाचातून दोन गेले तीन. एककात दोन आणि सात आहेत, तर सातातून दोन गेले पाच. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. त्याच्याकडे नियम आहे, तो त्याने काटेकोरपणे पाळलाय, आणि आजवर हातचा नसलेल्या प्रत्येक गणितात त्या नियमाने त्याला बरोबरची खूण मिळवून दिली आहे. दोनातून सात जात नाहीत असं तुम्ही फळ्यावर सांगितलंत, पण त्याच्या मते त्यात अडचण काहीच नव्हती. त्याने सातातून दोन काढून दाखवले की.

एवढं एक उत्तर वाचता आलं की चिंतनाला विषय मिळतो. मी तुमच्या जागी असते तर गुरुवारची नोंद साधारण अशी लिहिली असती:

‘वह्या काढायला सांगून मी फळ्याकडे वळले. दुसरं गणित लिहीत असताना मागच्या दोन रांगांतून आवाज सुरू झाला. तोवर ख-१, ख-२, म-४ यांच्या वह्या उघडून झाल्या होत्या, त्यांना काम नव्हतं. बाईंनी सांगितल्यावर वर्ग शांत झाला, पण लिहिणं पुढे गेलं नाही. नंतर वह्या पाहिल्या. बऱ्याच जणांनी प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांची उत्तरं अशीच आहेत, म्हणजे ती मुलं रिकामी नव्हती, अडकली होती. मी फळ्यावर दशक मोडण्याची कृती दाखवली, पण दशक का मोडायचा ते मुलांनी हाताने केलं नाही. सोमवारी: गणितं आधी लिहून ठेवणार. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे देऊन सुरुवात. बघायचं एकच, गठ्ठा सोडायची गरज मुलं स्वतः सांगतात का.’

यात ‘छान’, ‘कमी पडले’, ‘प्रयत्न करेन’ कुठेच नाही. आधी जे घडलं ते आहे, मग त्याचा अर्थ, मग एक छोटा बदल आणि त्या बदलाची परीक्षा कशी करायची ते. अर्थ चुकीचाही असू शकतो. असू दे, सोमवारी तो चुकीचा ठरला तरी तुम्हाला काहीतरी नवीन कळेलच.

नमुन्याबद्दल. बऱ्याच ठिकाणी ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ सालचं चक्र देतात: काय घडलं, काय वाटलं, काय बरं-वाईट, असं का झालं, निष्कर्ष, पुढची कृती. चक्र चांगलं आहे, पण रोजच्या रोज सहा रकाने भरायला लावलं की त्यांत भुसा भरला जातो. सक्ती नसेल तर आठवड्यातून एकदा एकाच प्रसंगावर ते पूर्ण करा. सक्ती असेल तर पहिल्या आणि चौथ्या रकान्याला जागा द्या, बाकीचे एकेका ओळीत आटपा. ‘काय वाटलं’ हा रकाना मात्र टाळू नका. गुरुवारी तुम्हाला लाज वाटली, ती तिथे लिहा. नाही लिहिली तर ती ‘असं का झालं’च्या रकान्यात घुसून बसते आणि कारण म्हणून मिरवते.

आणखी एक गोष्ट बघायला सांगते, ती फार स्वस्त आहे. तुमच्या सोबतच्या छात्रशिक्षकाला मागे बसवा आणि बैठकीच्या आराखड्यावर दोनच खुणा करायला सांगा: तुम्ही प्रश्न कुणाला विचारला आणि उत्तर यायला किती वेळ थांबलात. मेरी बड रो यांनी वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा दीर्घ अभ्यास केला होता. त्यांना आढळलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हीच वेळ तीन सेकंदांवर गेली की उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण पहिल्या आठवड्यात वर्गासमोर उभं राहून शांतता सोसायला फार जड जातात. आराखड्यावरच्या खुणा तर बहुतेक वेळा पुढच्या आणि मधल्या बाकांवर गोळा झालेल्या दिसतील. ‘मुलांनी छान प्रतिसाद दिला’ मधली ती मुलं म्हणजे नेमकी कोणती, हे त्या कागदावर कळतं.

जे चांगलं झालं त्याचंही चिंतन करा. बुधवारी गोष्टीच्या तासाला वर्ग चिडीचूप होता असं तुम्ही लिहिलंय आणि पुढे एक शब्द नाही. का होता चिडीचूप? तुम्ही खुर्चीवर न बसता मुलांजवळ आला होतात का? मध्येच थांबून ‘आता काय होईल’ विचारलंत का? हातात पुस्तक होतं, त्यामुळे टाचणाकडे बघावं लागत नव्हतं आणि नजर मुलांवर होती, असं तर नाही? मला तरी हेच कारण वाटतं. तसं असेल तर गणिताच्या तासाला टाचण एका छोट्या कार्डावर आणण्याचा विचार करा.

मार्गदर्शक बाईंना ‘पाठ कसा झाला?’ विचारू नका. उत्तर ‘ठीक झाला, आवाज थोडा वाढवा’ असंच येईल, कारण प्रश्नच तसा आहे. त्यांना पाठाच्या आधी सांगा: ‘मी सूचना देत असताना मागच्या रांगा काय करतात तेवढं बघाल का?’ मग त्यांनाही बघायला नेमकी जागा मिळते आणि तुम्हाला शेरा न मिळता माहिती मिळते. सगळ्याच बाई याला राजी होतील असं नाही. काहींना वर्गावर तपासायच्या वह्यांचा ढीग उरकायचा असतो, तेही समजण्यासारखं आहे.

राहिला लायकीचा प्रश्न. पाच दिवसांवरून मी कुणाबद्दल तसं ठरवत नाही, आणि तुम्हीही शुक्रवारच्या संध्याकाळी ठरवू नका, त्या वेळी सगळेच थकलेले असतात. शिक्षकी पेशाचे अभ्यासक डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं होतं: शिक्षक होणारा माणूस विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत आलेला असतो, पण फक्त समोरून. त्या शिक्षकाने आदल्या दिवशी काय ठरवलं, मध्येच कोणता बेत बदलला, कोणतं दुर्लक्ष मुद्दाम केलं, हे विद्यार्थ्याला कधीच दिसत नाही. त्यामुळे काम सोपं वाटतं आणि आपल्याला जमलं नाही की दोष आपल्यातच आहे असं वाटतं. गुरुवारी बाईंनी एका वाक्यात वर्ग शांत केला, त्यामागे त्या वर्गासोबतचे त्यांचे कितीतरी महिने होते. व्यावसायिक माणसं कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावरचा विचार असे दोन प्रकार सांगितले. पहिल्या आठवड्यात पहिल्या प्रकारासाठी डोक्यात जागाच शिल्लक नसते. सध्या तुमच्या हातात दुसरा आहे, आणि तो नीट केला तर काही आठवड्यांनी पहिला जमू लागतो. सराव पाठांच्या शेवटी मी वही चाळते तेव्हा एकच गोष्ट शोधते: वहीतले प्रश्न बदलले का.

सोमवारसाठी एक काम. काड्यांचे गठ्ठे वापरून झाले की शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाला कागदाचा एक चिटोरा द्या आणि एकच गणित घाला: ६२ − ३८. गुण नाहीत हे आधी सांगा. गोळा केलेल्या चिठ्ठ्यांचे उत्तरांप्रमाणे ढीग लावा. २४ म्हणजे जमलं. ३६ म्हणजे मोठ्यातून लहान वजा करायची सवय अजून तशीच आहे. ३४ म्हणजे दशक मोडला, एकक बरोबर काढले, पण एक दशक गेलाय हे लक्षात ठेवलं नाही. ही मुलं पहिल्या ढिगाच्या अगदी जवळ आहेत, त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवू नका. उरलेल्या उत्तरांच्या मुलांना जवळ बोलावून ‘कसं केलंस ते सांग’ एवढंच विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत छोट्या वहीत उतरवा. मंगळवारचं टाचण ढीग लावून झाल्यावरच लिहायला घ्या, आणि कोणता ढीग मोठा निघाला ते मलाही कळवा. ३४ चा निघाला तर पुढे काय करायचं त्याबद्दल वेगळं सांगेन.